माळ्यावरची इलेक्ट्रिक गिटार: सावरायची की सोडायची?

गोव्यात जुन्या इलेक्ट्रिक गिटारी कुठून निघतात ते जवळपास ठरलेलं आहे. बोटीवर नोकरी केलेल्या कोणा तारवटी काकांनी जपानहून आणलेली, काही वर्षं लग्नांत आणि फेस्तांत वाजलेली आणि मग माळ्यावर चढलेली. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात पडत्या भावात मिळालेली, जिचा मूळ मालक कधीच विमानात बसून गेला. नाहीतर बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातली, बहुधा कोलकात्यात बनलेली. अवस्था मात्र सगळ्यांची सारखीच. तारा गंजून फ्रेटना, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, चिकटलेल्या, ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग) हिरवा थर, पेटीत बुरशी, आणि केबल लावली तर एकतर शांतता नाहीतर खरखर.

अशी गिटार हातात आली की माणूस आधी रंग बघतो, मग पिकअप (तारांखालची, आवाज उचलणारी चुंबकाची गुंडाळी) बघतो आणि नेककडे, म्हणजे दांड्याकडे, सगळ्यात शेवटी वळतो. क्रम नेमका उलटा हवा. रंग, वायरिंग, ट्युनर (तारा ताणायच्या खुंट्या), ब्रिज यांचा खर्च कागदावर मांडता येतो; नेकचा सहसा येत नाही. म्हणून माझं मत असं की निर्णय नेक पाहून घ्यावा, आणि जून ते सप्टेंबर या काळात तो घेऊच नये.

पावसाळ्याचं कारण साधं आहे. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते. त्या हवेत लाकूड स्वतःच्या सुक्या वजनाच्या १७-१८ टक्के पाणी धरून बसतं. हिवाळ्यात आर्द्रता ६५ च्या आसपास आली की तेच लाकूड १२ टक्क्यांवर उतरतं. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं, हे कुठलाही मेस्त, म्हणजे सुतार, सांगेल. पण नेकमध्ये दोन वेगळी लाकडं एकमेकांना चिकटवलेली असतात: मागे मेपल किंवा महोगनी, पुढे शिसवाचा फ्रेटबोर्ड. मागची बाजू पॉलिशने बंद, शिसव उघडं. दोघं पाणी घेतात-सोडतात वेगवेगळ्या गतीने, आणि नेक वाकतो. पावसात दिसणारा बाक त्यामुळे बराचसा खोटा असू शकतो. त्याच्या भरवशावर गिटार भंगारात काढणं जितकं चूक, तितकंच त्या ओल्या नेकवर फ्रेट घासून सपाट करणं चूक. डिसेंबरात सगळं पुन्हा वाकडं झालेलं दिसतं.

तेव्हा आधी वाळवायची. तारा काढताना ताण असताना मधोमध कापू नका. सहाही तारा थोड्या-थोड्या करत सैल करा, मग कापा. एखादा ट्युनर जाम असेल तर बाकीच्या पाच सैल झाल्यावर त्या तारेवर जाड फडकं धरून पक्कडीने तोडा. गंजलेली तार तुटते तेव्हा डोळ्याच्या दिशेने येते, म्हणून चष्मा हवाच. काही उघडायच्या आधी दहा-वीस फोटो काढा, विशेषतः वायरिंगचे आणि स्क्रूच्या जागांचे. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर नाव लिहा.

नेक बोल्टचा असेल, म्हणजे मागे चार स्क्रू आणि पत्रा असेल, तर तो सोडवून वेगळा वाळवा. इथे पहिली अडचण येते. समुद्राच्या हवेत स्क्रू लाकडात धरून बसलेले असतात आणि जोर लावला की डोक्याची खाच जाते. खाचेत मावेल तेवढ्याच मापाचा, धारदार टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. ४० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवून ठेवा. लोखंड तापून किंचित फुगतं, गार होताना आकसतं, आणि गंजाची पकड सुटते. मग आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी थोडा फिरवा, नंतर उलटा. स्क्रू आत तुटलाच, तर पोकळ नळीसारखा एक्स्ट्रॅक्टर मिळतो. तो तुटलेल्या स्क्रूभोवतीचं लाकूड कापत जातो आणि नंतर त्या भोकात लाकडी खुंटी बसवता येते. शेजारून ड्रिल मारत सुटलात तर भोक नुसतं मोठं होतं.

वाळवण्यासाठी ऊन नको. माळ्यावरचा दमटपणा आणि अंगणातलं ऊन यांच्यामधला फरक एका दिवसात झेलायला लावला तर फ्रेटबोर्ड चिरतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. बंद कपाट, आत एक पिवळा झिरोचा बल्ब (एलईडी नव्हे, उष्णता हवी, उजेड नव्हे) आणि एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक पुरे. आकडा ५० ते ६० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. किती दिवस, याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मिळतं. सुटा नेक ट्युनरशिवाय साधारण ५०० ते ७०० ग्रॅम भरतो. पाच टक्के पाणी गेलं म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम कमी झाले. दर आठवड्याला वजन करून तारखेसकट लिहून ठेवा. लागोपाठ दोन आठवडे आकडा हलला नाही, की नेक वाळला. त्याआधी मोजपट्टी हातात घ्यायची नाही.

पोखरलेलं लाकूड

वाळत असतानाच किडीची तपासणी उरकून घ्या. वाळवी आणि भुंगेरा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वाळवी मातीच्या नळ्यांतून येते, वरचा रंगाचा पापुद्रा तसाच ठेवते आणि आतून लाकूड खाते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बॉडीवर इंचा-इंचावर ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्या जागी बद्द. शंका आली तर पिकअपच्या खळग्यात, जिथे रंग दिसत नाही, तिथे दाभण टोचून पाहा. दाभण लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि ती जागा ब्रिजखाली किंवा नेकच्या खोबणीत असेल, तर ती बॉडी संपली. दुसरीकडे कुठे असेल तर पातळ इपॉक्सी पाजून ती भरता येते. गिटार जड होते, पण टिकते.

भुंगेऱ्याची भोकं गोल असतात, एक ते दोन मिलिमीटरची, आणि त्यातून पिठासारखा भुसा पडतो. भोकं जुनी आहेत की आत अजून कोणी राहतंय हे बघायला बॉडी काळ्या कागदावर ठेवून मोठ्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि काही आठवडे हलवू नका. कागदावर ताजं पीठ दिसलं तर उपाय करावा लागेल. औषध टोचत बसण्यापेक्षा गोठवणं बरं, आणि मासळीच्या व्यापारातले डीप फ्रीझर आपल्याकडे काही दुर्मीळ नाहीत. सगळं सामान उतरवून नुसती बॉडी दोन पिशव्यांत हवाबंद करायची आणि उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर थंड लाकडावर हवेतलं पाणी जमेल. मात्र जुनी नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार असेल तर हा उपाय विसरा, कारण थंडीने त्या लॅकरला जाळीसारखे तडे जातात. जाड पॉलिएस्टरच्या रंगाला सहसा काही होत नाही.

नेक

वाळलेला नेक हातात आला की तीन गोष्टी बघायच्या: बाक, पीळ आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची लोखंडी सळई.

बाक बघायला लांब सरळ पट्टी हवी. नसली तर तार हीच पट्टी: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजा. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा, गॅरेजमध्ये मिळतं. इंजिनाचे टॅपेट बसवायला वापरतात तेच. ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट म्हणजे नेक वाजवण्याजोगा सरळ आहे. एक मिलिमीटरपर्यंतचा बाक चालू ट्रस रॉड बहुतेक वेळा ओढून घेतो. तार मधल्या फ्रेटना टेकत असेल तर नेक उलटा, म्हणजे मागे वाकलाय. तेव्हा रॉड सैल करून तारांच्या ताणाने तो पुढे येतो का हे बघायचं. रॉड पूर्ण सैल असूनही नेक मागेच राहत असेल, तर काम अवघड आहे.

पीळ हा बाकापेक्षा वाईट. ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पहिल्या फ्रेटवर आणि एक शेवटच्या फ्रेटवर आडवी ठेवा आणि एक डोळा मिटून दोघींच्या कडा एका रेषेत आणा. एका टोकाला फट वाढत जाताना दिसली तर नेक पिळवटला आहे. अर्धा मिलिमीटरपर्यंतचा फरक फ्रेट घासताना जिरवता येतो. त्यापुढे फ्रेट काढून फ्रेटबोर्डच रंध्याने सरळ करावा लागतो, आणि पीळ दोन मिलिमीटरच्या घरात असेल तर एका बाजूला फ्रेटबोर्डचं लाकूडच पुरत नाही. ट्रस रॉड पिळाला काही करत नाही. तो फक्त बाकासाठी आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि मग ते रॉड आवळत बसतात.

रॉडचा नट कुठे आहे ते शोधा. फेंडर आणि गिब्सन या दोन अमेरिकन कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या. जुन्या फेंडर पद्धतीत तो नेकच्या बुडाशी, बॉडीच्या खोबणीत लपलेला असतो. गिब्सन पद्धतीत हेडस्टॉकवरच्या (ट्युनर बसवलेला नेकचा शेंडा) झाकणाखाली, पाच-सोळांश इंचाचा, ज्यावर ८ मिलिमीटरचा बॉक्स पाना जेमतेम बसतो. आधी सैल करून पाहा, पाव फेरा. फिरला तर जीव आहे. मग काढून आटे साफ करा, एक थेंब तेल द्या, परत बसवा आणि पाव-पाव फेऱ्याने आवळा. नट शेवटपर्यंत जाऊन अडला आणि नेक अजून वाकडाच असेल, तर नटाखाली एक-दोन वॉशर घातले की आणखी आटे मिळतात. नट फिरतो आहे पण नेकवर काहीच परिणाम नाही, याचा अर्थ रॉड आत तुटला आहे किंवा आटे गेले आहेत. तुटलेल्या रॉडसाठी फ्रेटबोर्ड उकलावा लागतो. हे काम साध्या गिटारीसाठी करू नये, असं मी सरळ सांगेन.

साठच्या दशकातल्या जपानी गिटारींचं थोडं वेगळं आहे. टेस्को आणि तिच्याच कारखान्यांतून वेगवेगळ्या नावांनी बाहेर पडलेल्या गिटारी (१९६७ मध्ये कावाईने ही कंपनी घेतली) आपल्याकडच्या माळ्यांवर सापडतात. यातल्या स्वस्त मॉडेलांत फिरवता येणारा रॉड नसतोच. नेकमध्ये नुसती लोखंडी पट्टी असते. असा नेक वाकलेला निघाला तर उपाय दोन. क्लॅम्प लावून उष्णतेने दाबणं, जे कधी टिकतं, कधी दोन पावसाळ्यांत परत जातं. किंवा फ्रेट काढून, खाचेत थोडे जाड बसणारे फ्रेट घालणं. बावीस पाचरी एकाच बाजूने ठोकल्यावर नेक मागे सरकतो. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो, पण तो हात बसलेल्या माणसानेच करावा.

हेडस्टॉक तुटलेला असेल तर घाबरण्याआधी तुटलेली जागा नीट बघा. गिब्सन प्रकारात हेडस्टॉक १७ अंशांनी मागे झुकलेला असतो आणि नटामागे (हा रॉडचा नट नव्हे, नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ट्रस रॉडच्या खळग्याने लाकूड आधीच कमी झालेलं असतं, म्हणून पेटी पडली की तिथेच तुटतं. भिंगातून पाहा. तुटलेल्या तोंडावर लांब, तिरपे, काटेरी तंतू दिसत असतील आणि चीर पाच-सहा सेंटिमीटर लांब असेल, तर उत्तम. चिकटवण्याला भरपूर जागा आहे. तोंड आखूड, सरळ आडवं, बिस्किट मोडल्यासारखं असेल तर नुसत्या गोंदाने भागणार नाही, मागून लाकडाच्या पट्ट्या घालाव्या लागतील.

चिकटवण्याआधी गोंदाशिवाय तालीम करा: सगळे क्लॅम्प, नेकच्या गोलाईला साजेशी लाकडी गादी, मध्ये प्लास्टिकचा कागद. चीर केसाएवढी बंद होते का बघा. गोंद पिवळा, अलिफॅटिक रेझिनचा. लावल्यावर पाच-दहा मिनिटांत क्लॅम्प बसले पाहिजेत. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा, चोवीस तास हलवू नका आणि दमट हवेत आठवडाभर तारा चढवू नका. प्रत्येक मेस्ताकडे असतो तो पांढरा गोंद इथे वापरू नये. खुर्चीला तो उत्तम, पण गिटारीच्या तारा दिवसरात्र ओढत असतात आणि सततच्या ताणाखाली, उन्हाळ्याच्या उष्म्यात, पांढरा गोंद हळूहळू सरकतो. सुपरग्लू ठिसूळ. आणि जुनी दुरुस्ती कोणी इपॉक्सीने केलेली असेल तर सगळ्यात कठीण, कारण त्या थरावर नवा गोंद धरत नाही. तापवून, खरवडून मूळ लाकडापर्यंत जावं लागतं आणि तोवर तोंडं एकमेकांत नीट बसेनाशी होतात. तुटलेला हेडस्टॉक त्यामुळे मला चालतो, पण तीनदा चिकटवलेला नको.

आता खरी परीक्षा. ०.००९ चा (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची), म्हणजे हलक्या तारांचा संच आणा, पाच-सहाशे रुपयांचा. पिकअप चालत नसले तरी चालेल, ट्युनर उसने बसवले तरी चालेल, ब्रिज कसाबसा उभा राहिला तरी पुरे. नेक जोडा आणि पूर्ण सुरात लावा. ०.००९ च्या संचाचा एकूण ताण साधारण ३८ किलो असतो, ०.०१० च्या संचाचा ४५ च्या पुढे. सातव्या फ्रेटखालची फट मोजून लिहा. पंधरा दिवस गिटार तशीच सुरात ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी सूर परत लावून फट मोजा. पहिल्या चार-पाच दिवसांत थोडी वाढून थांबली तर नेक बरा आहे, उरलेलं रॉडने होईल. पंधराव्या दिवशीही वाढतच असेल तर कुठेतरी सांधा सरकतो आहे किंवा लाकूड थकलं आहे. या परीक्षेत नापास झालेल्या गिटारीवर पुढे एक रुपया घालू नका. पास झाली, की बाकीचा हिशोब मांडायला बसा.

बाकीचं

वायरिंगबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. मल्टीमीटर घ्या, जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण वर करा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टोक व दांडा यांच्यामध्ये ओहम मोजा. स्विचची प्रत्येक जागा वेगळी तपासा. साध्या सिंगल कॉइलला, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपला, ५.५ ते ६.५ किलोओहम, दोन गुंडाळ्यांच्या हमबकरला ७ ते ९ दिसावेत. जुन्या जपानी पिकअपचे आकडे याहून बरेच इकडेतिकडे असतात, त्याची काळजी नको. मीटरने २५० किंवा ५०० किलोओहमच्या जवळपासचा आकडा दाखवला तर तुम्ही फक्त व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोधक) मोजता आहात. पिकअपची तार कुठेतरी तुटली आहे. शून्य दाखवलं तर जॅक किंवा पॉटपाशी शॉर्ट आहे. काहीच दाखवलं नाही तर बहुधा जॅकची पातळ जीभ गंजली आहे, आणि तो दुरुस्तीचा सगळ्यात स्वस्त प्रकार.

पिकअप ‘ओपन’, म्हणजे तार तुटलेला, निघाला तर झाकण काढून, गुंडाळीची बारीक तार जिथे बाहेरच्या जाड वायरला जोडली आहे ती जागा भिंगाखाली धरा. खाऱ्या हवेत तुटतं ते बहुतेक इथेच. टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका दिसतो आणि त्याच्या अलीकडे तांबं संपलेलं असतं. बाहेरचं टोक असेल तर एक-दोन वेढे उकलून, टोकावरचं इनॅमल सोल्डरनेच जाळून, पुन्हा जोडता येतं. आतलं टोक असेल तर पूर्ण गुंडाळी नव्याने घालावी लागते: ०.०६३ मिलिमीटरची तार, साडेसात-आठ हजार वेढे. पंप आणि पंख्यांच्या मोटरी भरणाऱ्याकडे हे काम होत नाही, त्याचं यंत्र एवढी बारीक तार तोडून टाकतं. पिकअप गुंडाळणारा वेगळा शोधावा लागतो.

पॉट खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीस वेळा फिरवणं. गंजाचं तेल म्हणून मिळणारे सर्वसाधारण स्प्रे पॉटमध्ये मारू नका, ते आतला कार्बनचा मार्ग चिकट करून ठेवतात. आणि अमेरिकन गिटार असण्याची शक्यता असेल तर पॉट फेकायच्या आधी पाठीवरचा आकडा वाचा. १३७६६१२ असा आकडा म्हणजे सीटीएस कंपनीचा, १९६६ सालच्या बाराव्या आठवड्यातला पॉट. ३०४ ने सुरू होणारा स्टॅकपोलचा. गिटार त्या तारखेच्या नंतरची आहे एवढं नक्की कळतं. अशी गिटार निघाली तर पुढचं सगळं गणित बदलतं. रंग मुळीच उतरवू नका, कारण जुन्या फेंडर-गिब्सनची किंमत नव्या रंगाने साधारण अर्ध्यावर येते. ट्युनरसाठी नवी भोकं नकोत. नवे ट्युनर १० मिलिमीटरचं भोक मागतात आणि जुन्या हेडस्टॉकमध्ये त्याहून लहान असतं, तेव्हा जुन्याच मापाचे ट्युनर शोधा. काढलेला प्रत्येक स्क्रू जपून ठेवा. देशी किंवा स्वस्त जपानी गिटारीला हे सोवळं पाळायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच गिटारीत सोडू नका. ब्रिजपासून अर्थची वायर जॅकपर्यंत पोचते का ते मीटरने तपासा. एक ओहमच्या आत यायला हवी. ब्रिजखालची ही वायर गंजून तुटलेली असते आणि मग गिटार गुणगुणत राहते. आणि गिटारीबरोबर त्याच माळ्यावरून दोन पिनांचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर खाली आला असेल तर तो जाणत्याने तपासल्याशिवाय सॉकेटला लावू नका. तारांना हात आणि माइकला ओठ लागलेले असताना बसणारा शॉक जीवघेणा असतो, आणि मंडपातल्या तात्पुरत्या विजेला अर्थिंग धड असेलच असं नाही.

ब्रिज आणि स्क्रू: पोलादी भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवले की गंज सुटतो, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून, लगेच वाळवून तेल लावा. ओतीव झिंकचा ब्रिज व्हिनेगरमध्ये घालू नका, त्याची चाळण होते. खड्डे पडलेला झिंकचा ब्रिज बदलणंच बरं. जपानी गिटारीचे स्क्रू मेट्रिक असतात, बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानांत एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ चे मिळाले तर घ्या, किनाऱ्यावर ३०४ लाही डाग पडतात.

फ्रेटची उंची कॅलिपरने मोजा. नवा मध्यम फ्रेट एक मिलिमीटरच्या थोडा वर असतो. घासून सपाट केल्यावर ०.६ च्या खाली जाणार असेल तर नवे फ्रेटच घाला. बावीस फ्रेटना दीड मीटर तार पुरते. काढताना फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न फिरवून तो तापवा, नाहीतर शिसवाच्या कपच्या निघतात.

प्लायवूडची बॉडी कडेने उकलली असेल तर सिरिंजने पातळ गोंद सोडून क्लॅम्प लावा. मधोमध फुगली असेल तर नवी बॉडी. ती घेताना किंवा करून घेताना नटापासून बाराव्या फ्रेटचं अंतर मोजा आणि दुप्पट करा; ब्रिज तिथेच यायला हवा. फेंडर पद्धतीत हे ६४८ मिलिमीटर भरतं, गिब्सनमध्ये ६२८ च्या आसपास, जपानी स्वस्त गिटारींमध्ये काहीही. लाकूड म्हणून आपल्याकडे जुन्या दारांचं सागवान सहज मिळतं, पण बॉडीला जड होतं आणि तेलकट असल्याने चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसावं लागतं. शिवण किंवा फणस चांगला, तोही वाळलेला.

पैशाचं

आज वाजवण्याजोगी नवी साधी गिटार पंधरा-वीस हजारांत येते. नेक पास झाला असेल आणि लागणार आहेत ते तारा, पॉट, जॅक, स्विच, स्क्रू आणि फार तर ट्युनर, तर खर्च त्याच्या चौथाईच्या आसपास राहतो, तेव्हा बिनदिक्कत करा. फ्रेट बदलायचे झाले की आकडा एकदम वर जातो, कारण तिथे मजुरी आहे. फ्रेट आणि पिकअप दोन्ही करायचे असतील तर मी साध्या गिटारीला नाही म्हणेन. त्यात बॉडीही गेली असेल तर मग तुम्ही जुन्या नेकसाठी नवी गिटार बांधता आहात. तसं करायलाही हरकत नाही, फक्त मनाशी तसं मान्य करून करा.

आजोबांची, काकांची गिटार असेल तर हे गणित लागू होत नाही, पण तिथेही एक प्रश्न विचारावा: ती वाजायला हवी आहे की घरात राहायला हवी आहे? घरात राहायला हवी असेल तर दुरुस्ती कमीत कमी करा. कीड मारा, बुरशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (लॅकरवर आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघा, रंग सुटला तर नुसत्या ओलसर फडक्याने पुसा), धातूला पातळ तेलाचा हात द्या, तारा अर्ध्या ताणावर ठेवा आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या भिंतीवर टांगा. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी ओढते आणि मागून गिटार पुन्हा ओली होते. जुनी पेटी आतून कुजली असेल तर तिचा मोह नको, गिटार पुन्हा तिच्यात ठेवली की बुरशी परत येते.

आणि सोडून द्यायची ठरली तर अख्खी भंगारवाल्याला देऊ नका. जुने पिकअप, स्विच, नेकचा पत्रा, ट्युनरची बटणं, नटाजवळचं झाकण हे सगळं दुसऱ्या कोणाच्या दुरुस्तीला लागतं, आणि जपानी गिटारींचे सुटे भाग नवे मिळत नाहीत. सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात ठेवा, डब्यावर गिटारीचं नाव आणि नटापासून बाराव्या फ्रेटचं अंतर लिहा. पिकअप काढताना वायर मुळाशी कापू नका, चार-पाच इंच राखून कापा. आखूड वायरला पुन्हा सोल्डर लावायला गेलं की उष्णतेने गुंडाळीचं टोकच सुटून येतं.